लक्ष्मणरावांची तिळवण

रोहणा गावच्या शेतात, धुऱ्यावर म्हणजे बांधावर हरिदासला ते झुडूप दिसलं, तेव्हा त्याची आत्या अनुसयाबाई ते उपटायच्याच बेतात होती.

"थांब आत्या!"

"काऊन रे? मेल्या उंदरासारखं वास मारते. ढोर बी तोंड लावत नाई. कॉलेजात मास्तर झाला म्हणे, अन् इथं तणाले मुजरा करून राह्यला!"

हरिदास वर्ध्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा. झुडूप तिळवणीच्या गोतातलं, हे वासानंच सांगितलं होतं. पण पिवळ्या तिळवणीच्या फुलात पुंकेसर इतके, की मोजता मोजता माणूस चुकतो. इथे मोजून चार. त्यानं फुलाशेंगांसकट झुडूप वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवलं, जाडजूड ग्रंथ पालथे घातले, पुण्याच्या तज्ज्ञांना नमुना पाठवला. दीड वर्षानं, एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात उत्तर आलं: जाती नवी आहे, वर्णन छापा.

नव्या जातीच्या नावामागे शोधकर्त्याचं नाव कायमचं जोडलं जातं. हरिदासजवळ कायमचं असं दुसरं काहीच नव्हतं, नोकरीसुद्धा नाही.

पण पत्र आधी विभागप्रमुख लक्ष्मणरावांनी फोडलं. विभागातली सगळी पत्रं तेच फोडत. विभागातले सगळे शोधनिबंधही त्यांचेच असत. त्यांना फक्त ते लिहावे लागत नसत.

"शोधकर्ता म्हणून माझं नाव टाका," ते म्हणाले. "तुमचे शेवटी आभार मानू."

"टाकतो ना सर," हरिदास म्हणाला. मग जरा घुटमळला. "वाईट एवढंच वाटतं, की या जातीला मी तुमचं नाव द्यायचं ठरवलं होतं."

"मग द्या की!"

"तीच तर पंचाईत आहे, सर. शोधकर्त्यानं झाडाला स्वतःचंच नाव द्यायची आपल्या शास्त्रात पद्धत नाही. लोक हसतात. आता शोधकर्ता व्हायचं की झाड व्हायचं, ते आपणच ठरवावं."

लक्ष्मणराव विचारात पडले. शोधनिबंध काय, रद्दीत जातात. आणि खुद्द प्राचार्यांच्या नावानं अजून साधी गल्लीही नव्हती.

"फूल कसं आहे?"

"पिवळंधमक, सर."

"मग झाड," लक्ष्मणराव म्हणाले.

त्या काळी वर्णन लॅटिनमध्ये द्यावं लागे. हरिदासनं ते इमानेइतबारे लिहिलं: अंग चिकट, दुर्गंधी उग्र, पडीत जागी माजते, गुरे खात नाहीत, उपयोग अज्ञात. लक्ष्मणरावांना लॅटिन येत नव्हतं. त्यांनी ते पान फ्रेम करून खुर्चीमागे टांगलं.

हरिदास छापील अंक घेऊन रोहण्याला गेला. आत्यानं स्वतःच्या भाच्याचं नाव बोटानं चाचपून पाहिलं, झाडाचं नाव विचारून घेतलं, आणि पुन्हा निंदणाला लागली.

"अवं शकुबाई," ती पल्याडच्या तासातल्या बाईला ओरडली, "तिकडं दोन लक्ष्मणराव उभे हायेत, उपटजो वं!"

"आत्या, एखादा तरी राहू दे!" हरिदास कळवळला.

"तू नोको फिकर करू. किती बी उपट, मोठ्या लोकायचं बियाणं लय चिवट राह्यते."