चौकड्याचा शर्ट

दाजी आणि मी पाट्या लावायची कामं करतो. दुकानाची पाटी, इमारतीवरचा फ्लेक्स, उंचावर दोर लावून जे काय टांगायचं ते सगळं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. शिडीवर चढले की त्यांचं तोंड सुरू होतं आणि खाली उभी माणसं पोट धरून हसतात.

चौकात एका बाईनं महिनाभर टेबल मांडलं होतं. त्यावर सुया, दोरे आणि एक लांबलचक पांढरं कापड. आपलं जे माणूस गेलं, त्याचा एखादा कपडा आणायचा आणि त्या कापडावर आपल्याच हातानं शिवायचा. नाव-गाव काही लिहायचं नाही. कुणी आईच्या साडीचा पदर शिवला, कुणी लेकराचं टोपडं. आता ते कापड दोन इमारतींच्या मधे टांगायचं होतं, आणि ते काम आम्हाला मिळालं.

दाजी शिडीवर, मी खाली दोर धरून. "हळू ओढ रे," दाजी म्हणाले, "एवढी माणसं एकदम वर निघालीत, दारात चेंगराचेंगरी व्हायची." बघणारे हसले. दाजी आणखी काहीतरी बोलणार होते, पण तोंड उघडंच राहिलं.

"थांब," म्हणाले.

त्यांच्या नाकासमोर निळा चौकड्याचा शर्ट होता. वरून दुसरं बटण लाल, खिशावर काळ्या रंगाचा डाग. रंगाचा डबा माझ्याच हातून कलंडला होता, मी कसा विसरीन. मागच्या महिन्यात याच शर्टासाठी दाजींनी कपाट उपसलं होतं. ताई म्हणाली होती, असेल कुठंतरी.

"दाजी, तुम्ही गेलात आणि आम्हाला कळवलंसुद्धा नाही," मी म्हणालो. मला वाटलं हसतील. पण चेहरा पांढराफटक पडला होता. दोर हातातून सुटता सुटता राहिला.

दाजी खाली उतरले, कापड तेवढं खाली घ्यायला लावलं आणि खिशातनं कटर काढला. टेबलवाली बाई धावत आली. "काका, नका हो. त्या बाई रोज येऊन शिवत होत्या. टाका वाकडा गेला की उसवून पुन्हा घालायच्या."

"कोण बाई?"

तिनं आमच्या मागं बघितलं. ताई उभी होती, हातात आमच्या जेवणाचा डबा.

"हे तू शिवलंस?" दाजी म्हणाले. "अगं, मी जिवंत आहे."

"तुम्ही आहात हो," ताई म्हणाली. आवाज चढला नाही, काही नाही. "पण या शर्टातला माणूस रात्री जेवायला बसला की अख्खा दिवस सांगायचा. दोर कसा गुंतला, शेठ कसा बोंबलला. हसून हसून मला ठसका लागायचा. आता तुम्ही येता, जेवता, हं म्हणता आणि झोपता. तुमच्या गमती मला याच्याकडनं कळतात." आणि माझ्याकडं बोट केलं.

मला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी आपला कौतुकानं सांगायचो तिला सगळं. ती हसायची. तिला ते घरात ऐकायला मिळत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

दाजी कटर धरून उभे. ताई म्हणाली, "कापायचा तर कापा. शर्ट तुमचाच आहे."

दाजींनी कटरचं पातं आत ढकललं. "घे वर," मला म्हणाले. कापड वर गेलं. शर्टाची एक बाही मोकळी होती, ती वाऱ्यावर हलत राहिली. ताईनं मान वर करून बघितलं नाही.

मग आम्ही फुटपाथवर बसलो. ताईनं डबा सोडला. चौकाला हसवणारा माणूस, पण त्याला शब्द सापडेना. घास हातातच. शेवटी खाकरले.

"आज," दाजी म्हणाले, "ती कप्पी अडकली."

कप्पी कुठं अडकली होती, मी तिथंच होतो की. पण मी खाली मान घालून जेवत राहिलो.

ताईनं त्यांच्याकडं बघितलं.

"मग?" म्हणाली.