कपाटामागची भेग

मित्रांनो, मी एक जुने धुराडे आहे. रस्त्यावरून पाहणाऱ्याला मी विटांचा एक काळपट खांब दिसते, आणि पाखरांना मी बसायची जागा वाटते. पण माझे खरे काम आत चालते. खाली स्वयंपाकघरात चूल पेटते. तिचा धूर माझ्या पोटातून वर जातो. वाटेत तो घरात कुठेही शिरू द्यायचा नाही, एवढेच मला करायचे असते. गेली दोन वर्षे ते मला नीट जमत नव्हते, आणि ते कोणाला सांगताही येत नव्हते. त्यातली भीती काय असते ते आज सांगते.

मला बांधणारा गवंडी प्रत्येक वीट हातात घेऊन थापीने वाजवून पाही. खणखणीत वाजली तर लावी, बद्द वाजली तर बाजूला टाकी. सांधे त्याने चुन्याने भरले. म्हणे, चुना मऊ असतो, विटेबरोबर फुगतो आणि विटेबरोबर आकसतो. मग मी उभे राहिले, आणि माझ्या पाठीला टेकून वरची खोली झाली. थंडीत त्या खोलीची भिंत कोमट राही. धन्याची लेक लहानपणी तिथे पाठ शेकत पाढे म्हणे. ओले मोजे तिथे वाळत. पाहुणे आले की भिंतीवर हात ठेवून म्हणत, "काय सुख आहे हो तुमच्या घरात!" ते ऐकून मला बरे वाटे.

मग एका वर्षी मोठे वादळ झाले. मी हादरले आणि वरच्या खोलीच्या बाजूला मला भेग पडली. नेमकी घरधनिणीच्या कपाटामागे. धन्याला ती दिसली नाही, पण घरधनिणीच्या पांढऱ्या चादरीवर काजळीचा कण पडला आणि तिला कळले. तिने कपाट हातभर ओढले, वाटीत माती भिजवली आणि तीन बोटांनी भेग लिंपून टाकली. कपाट परत ढकलताना एकटीच पुटपुटली, "यांना सांगायला नको. लगेच शिडी लावतील."

त्यात तिचे चुकले नव्हते. धनी एकदा कौले शाकारायला चढला होता आणि तीन महिने लंगडत होता. "त्यात काय, मीच करतो," हे त्याचे आवडते वाक्य. म्हणून दरवर्षी चूल पेटायच्या आधी, तो बाहेर गेला की ती वाटी घेऊन वर येई. बारा वर्षे हे असे चालले.

मग ती आजारी पडली, आणि गेली.

कपाट होते तिथेच राहिले. धन्याने त्याला हात लावला नाही. आत तिच्या साड्या घडी घातलेल्या तशाच. पण माती वाळली, तडकली आणि कपाटामागे गळून पडली. भेग उघडी झाली. वारा असला की धूर वर खेचला जाई आणि निभावून जाई. वारा पडला की मात्र तो माझ्या पोटात घुटमळे आणि थोडा थोडा खोलीत जाई. दिसेल इतका नाही. चुलीतून एक वायू येतो, त्याला ना रंग असतो ना वास. माणूस झोपलेला असला तर त्याला कळतही नाही.

त्याच खोलीत निजणारा धनी सकाळी डोके धरून उठे. पायऱ्या उतरताना त्याचा तोल जाई. शेजारीण विचारी, तेव्हा तो म्हणे, "ती गेल्यापासून हे असंच आहे." शेजारीण मान हलवी. तिलाही ते खरेच वाटे. मित्रांनो, दुःख त्याला होतेच, पण डोके माझ्यामुळे दुखत होते. ज्याला मी ऊब द्यायची, त्यालाच मी रोज थोडे थोडे मारत होते.

अशात लेकीचा फोन आला. चुलीपुढे बोललेला शब्द माझ्या पोटातून थेट वर येतो, त्यामुळे मला सगळे ऐकू आले.

"बाबा, आम्ही थंडीभर तिकडे येतोय. बाळाचा पाळणा वरच्या खोलीत त्या गरम भिंतीशी लावू. आणि ते धुराडं एकदा दाखवून घ्या. मागच्या वेळी अंगणात विटेचे तुकडे पडले होते."

"मीच चढून बघतो की."

"तुम्ही चढायचं नाही. तीन गवंडी बोलवा, तिघांचं कोटेशन घ्या, मग ठरवा."

बाळ चार महिन्यांचे होते. माझ्या विटा थंड पडल्या.

पहिला गवंडी रस्त्यावरच थांबला. फोन उंच धरून त्याने माझा फोटो काढला. "हे पाडून टाका काका. वरून पत्रा ठोकतो, दोन दिवसांचं काम."

"मग चूल?"

"चूल कोण पेटवतं आता?"

"मी पेटवतो," धनी म्हणाला आणि फाटक लावून घेतले.

दुसरा गोड बोलणारा होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "काही झालेलं नाही त्याला. बाहेरून सिमेंटचा जाड गिलावा मारतो, नव्या नवरीसारखं दिसेल." धन्याला ते पटले. स्वस्तात होते, लवकर होते, आणि कोणी घरात येणार नव्हते. मी मात्र हादरले. बाहेरून लिंपलेले धुराडे चांगले दिसले असते, आणि आतली भेग पाळण्याशेजारी तशीच राहिली असती.

तिसरीला तो फोन करून नकोच सांगणार होता. पण ती तोवर दारात येऊन उभी राहिली होती. हो, ती बाई होती. पन्नाशीची, हाताला चुन्याचे चरे पडलेली.

"तुम्ही चढणार वर?" धन्याने विचारले.

"चढेन. पण कुठे गळतंय ते धूरच दाखवील. वरची खोली दाखवा."

तिने भिंतीवर तळहात फिरवला आणि कपाटापाशी थांबली. "हे जरा सरकवू या?"

"ते हलवायचं नाही."

ती वाद घालत बसली नाही. छपरावर जाऊन तिने माझ्या तोंडात ओले पोते कोंबले, चुलीत ओला पेंढा पेटवला, आणि वर येऊन खिडकीपाशी उभी राहिली. मला गुदमरल्यासारखे झाले. धूर माझ्या पोटात वाट शोधू लागला. आयुष्यभर जे होऊ नये म्हणून मी उभे होते, तेच मी आता मनापासून मागत होते. दिसू दे, एकदा तरी सगळ्यांना दिसू दे.

कपाटामागून धुराची बारीक रेघ निघाली. मग जाड झाली. मग कपाटाच्या फटींतून आत शिरू लागली.

"अहो, तिच्या साड्या!" धनी ओरडला. दोन वर्षे ज्याला बोट लावले नव्हते ते कपाट त्याने एकट्याने भिंतीपासून ओढले.

मागे भेग होती, आणि तिच्या कडेला वाळलेल्या मातीवर तीन बोटांच्या खुणा.

गवंडीण खाली बसून पाहू लागली. "हे कोणी केलंय?"

धन्याने खुणांवर आपली बोटे ठेवली. त्याची बोटे जाडी होती, बसली नाहीत. "मला बोलली नाही कधी," तो म्हणाला.

"का बरं?"

"मी शिडी लावली असती."

गवंडीण हसली नाही. "तुमचं डोकं दुखतं का सकाळी?"

त्याने कपाटाकडे पाहिले. मग म्हणाला, "मला वाटलं, ती गेली म्हणून."

"खिडकी उघडा. काम होईपर्यंत चूल पेटवायची नाही. आणि या मातीनं तुम्हाला इतकी वर्षं वाचवलंय, हे लेकीला सांगा."

आठ दिवस घर गारठलेले होते. तिने कच्च्या विटा काढल्या, प्रत्येक नवी वीट वाजवून पाहिली आणि सांधे चुन्याने भरले. शेवटी परत धूर कोंडून पाहिला. भिंतीतून रेघही निघाली नाही, तेव्हाच तिने हत्यारे आवरली.

आता पाळणा माझ्या भिंतीशी आहे. कपाट भिंतीपासून हातभर दूर असते. धनी रोज त्या फटीत हात घालून बघतो आणि खिडकी बोटभर उघडी ठेवतो. त्याचे डोके दुखत नाही. तिची आठवण येते तेव्हा तो नुसता बसून राहतो, आणि ते दुखणे माझ्यामुळे नसते.

तरी माझी भीती गेलेली नाही, आणि ती जाऊही नये. मित्रांनो, तुमच्या घरात असेच एखादे जुने काही उभे असेल. त्याला बोलता येत नाही. रस्त्यावरून बघून त्याची परीक्षा करू नका. आत या, कपाट सरकवा, हात लावून बघा. तुमच्या आधी कोणीतरी गुपचूप ते सांभाळत आले असेल.

खाली चूल पेटली आहे. वारा पडला आहे. मी बाळाचा श्वास ऐकत उभे आहे.