वर्तकनगरची गार खोली

"अरे उठा रे मुडद्यांनो! आग लागलीय, आग!"

टिपणीससाहेब जिन्यात घंटा बडवत होते, आणि वर्तकनगरच्या नव्याकोऱ्या फायर स्टेशनात भरदुपारी सगळे जवान कुंभकर्णालाही लाज वाटावी असे घोरत होते. आग नव्हतीच, साहेबांनी घेतलेली परीक्षा होती.

नंदा खाली मान घालून उभी. स्टेशनचा नकाशा तिनंच काढलेला. वागळे इस्टेटमागच्या चाळीत पत्र्याखाली भाजून निघालेली पोर ती! तिनं उन्हाच्या बाजूला दुहेरी भिंत घातली, येऊरच्या डोंगरावरचा वारा यावा म्हणून त्या बाजूला अख्खी विटांची जाळी, गच्चीवर पांढराशुभ्र चुना. ऐन मे महिन्यात पंखा नको. विजेचं बिल इतकं कमी आलं, की मीटर मेला की काय म्हणून वायरमन येऊन त्याला कान लावून गेला. खाली बंबाच्या गाडीपाशी दिवसा उजेड असा, की मुंगी लंगडली तरी दिसावी.

फक्त एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. जन्मभर तापल्या शेडमध्ये कुशी बदलणाऱ्यांना गार वारा लागला तर ते उठतील कशाला?

"जाळी बुजवा," साहेब म्हणाले. "पंखे लावा. उकडलं की उठतील झक मारत."

"साहेब, एक चान्स द्या ना."

"उद्या दुपारी परत घंटा. एक जण जरी उशिरा उतरला ना, गवंडी बोलावतो."

पिकल्या मिशांचे चांगदेवकाका डोळे चोळत म्हणाले, "बाई, तुम्ही घरी जा. आमी बघतो."

दुसऱ्या दिवशी घंटेचा आवाज जिना चढायच्या आत सगळे बूट घालून खाली हजर. साहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "राहू दे तुमची जाळी," म्हणाले आणि गेले.

नंदा नाचतच वर गेली. बघते तर गाद्यांवर एक चुणी नाही. मागून जवान आले, खाटांच्या कडेला बसले. डोळे लालबुंद.

"काका, झोपलाच नव्हतात?"

"झोपलो असतो तर जाळी गेली असती. हा जगन तर डोळ्याला बाम लावून बसलेला."

"अहो, पण रोज असं कसं चालेल?"

"पडेल अंगवळणी. नव्या नवरीला सासर पडतं, मग आमाला सुख नाय पडणार? थोडे दिवस द्या."

नंदानं जगनच्या लाल डोळ्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "आता निजा. घंटेपाशी मी बसते. वाजलीच तर एकेकाला गदागदा हलवून उठवते."

"आणि ऑफिस?"

"अर्धी सुट्टी टाकते. निजा तुम्ही."

तिनं स्टूल जिन्याच्या तोंडाशी ओढलं. वारा तिथवर पोचत नव्हता. पाठीमागे आधी काका घोरायला लागले, मग जगन, मग सगळी खोली. नंदानं ओढणीनं मान पुसली आणि पायातल्या चपला हळूच काढून ठेवल्या, आवाज व्हायला नको म्हणून.