रबरी हातांची बाई

आजींना दिसायचं अंधुक आणि ऐकू यायचं त्याहून कमी. माणसं त्या हातांवरून ओळखायच्या. मुलाचे हात गार, सुनेच्या बोटात अंगठी. दिवसभर त्यांना सांभाळायला येणाऱ्या बाईचे तळवे खरखरीत आणि ऊबदार. तिने सकाळी गालाला हात लावला की आजी म्हणायच्या, "आली माझी किसणी!"

एकदा बाईच्या उजव्या अंगठ्याला नखुरडं झालं. नखाच्या कडेला पू धरला, अंगठा ठसठसायला लागला, अंगात कणकणही होती. डॉक्टरांनी गोळ्या देऊन पट्टी बांधली. सून म्हणाली, "ताई, तुम्ही घरी थांबलात तर मला ऑफिसला अंगठा दाखवावा लागेल. हातमोजे घालून जमेल का?"

"जमेल की! नखाएवढं दुखणं, त्याचं काय एवढं!"

सून गेल्यावर बाईने रबरी मोजे चढवले आणि आजींच्या गालाला हात लावला. आजींनी झटकन तोंड फिरवलं.

"कोण गं तू?"

"अहो, मीच!" बाई कानाशी ओरडली.

"मीच कोण? ओरडू नकोस, काही कळत नाही. किसणी कुठाय?"

डावा हात धड होता. त्यावरचा मोजा काढून हात हातात दिला असता तर काम भागलं असतं. बाई मोजा ओढायलाच लागली होती, तेवढ्यात आजी म्हणाल्या, "ती असली ना, की मला भूक लागते."

बाई थबकली. असं कुणी तिच्याबद्दल कधी बोललं नव्हतं. तिने मोजा पुन्हा वर सरकवला आणि गुपचूप आजींना सूप भरवायला लागली. आपण चोरून ऐकतोय हे तिला कळत होतं, पण राहवेना.

"बडबडी आहे," दोन घोटांच्या मधे आजी सांगत होत्या. "मला ऐकू येत नाही, पण हातावरून कळतं. नवऱ्यावर चिडली असली की माझी पाठ घासूनच काढते."

बाईला हसू फुटलं.

"आईची फार आठवण येते तिला. माझे केस विंचरताना मधेच थांबते. मी कधी विचारत नाही. विचारलं आणि गेली निघून, तर?"

बाईने चमचा वाटीत ठेवला. तिने डावा मोजा काढला आणि आजींचा हात घट्ट धरला.

"आलीस? कुठे उलथली होतीस?" आजी एकदम खुलल्या. "एक रबरी बाई आली होती. वाईट नव्हती बिचारी. नंतर मात्र मुकीच झाली."

दुपारी आजींचा डोळा लागला तेव्हा बाईने गॅलरीत जाऊन भावाच्या घरी फोन लावला. आई त्याच्याकडे असायची, दिवसभराच्या प्रवासावर.

"वहिनी, आईचे केस कोण विंचरतं गं?"

"केस? अगं, बारीक कापून टाकले की! मानेला घाम यायचा त्यांच्या."

वहिनीचं काहीच चुकलं नव्हतं. पण बाईच्या मनात अजून आईची ती जाड वेणी होती. तिने फोन ठेवला. संध्याकाळी सून आल्या आल्या तिने चार दिवसांची रजा मागितली. सूनबाईंनी जरा विचार करून मान डोलावली.

आजींच्या कानाशी एकेक शब्द सावकाश ओरडून "आईकडे जाऊन येते" हे सांगायला तिला तीनदा धीर गोळा करावा लागला. आजींनी तिचा हात बराच वेळ सोडला नाही.

अंगठा बरा झाल्यावर ती निघाली. पोचली तेव्हा आई पलंगावर भिंतीकडे तोंड करून निजली होती. डोकं लहान मुलासारखं, पांढरं, बारीक. बाईने त्यावरून हात फिरवला. खुंट तळव्याला टोचले. ती फिरवतच राहिली.

आईने डोळे उघडले. लेकीचा चेहरा बघून तीच समजूत घालायला लागली. "वाढतील गं परत. तोवर राहतेस ना?"

चारच दिवसांची रजा आहे, हे सांगायला बाईचं तोंड उघडेना.