दहा जण उभे राहिले तर

जलतज्ज्ञांच्या संघटनेत अध्यक्षाची निवडणूक म्हणजे हातातला चहा गार व्हायच्या आत उरकणारं काम. कुणीतरी नाव सुचवायचं, कुणीतरी अनुमोदन द्यायचं, की सगळे हात वर. अध्यक्ष व्यासपीठावरून एकेका हाताकडे मायेने बघायचे. निम्म्या सभासदांना कामं त्यांच्याच शब्दावर मिळत. हात खाली ठेवायची कुणाची छाती होती?

यंदा मात्र तिचं डोकं फिरलं होतं. ती पाणी तपासणारी रसायनतज्ज्ञ. एका वस्तीतल्या विहिरींचं पाणी पिऊ नका, असं तिने बजावलं होतं. आणि कार्यकारिणीने कुणालाही न विचारता, संघटनेच्या नावाने, ‘पाणी उत्तम’ म्हणून जाहीर करून टाकलं. म्हणून ती अध्यक्षपदाला उभी राहिली.

संघटनेची सचिव होती तिची नणंद. दोघी पाण्यातल्या जाणकार, आणि दोघींचा अबोला घरच्या गच्चीवरच्या टाकीवरून!

“बोला ना तुमच्या बहिणीशी,” सकाळी ती नवऱ्याला म्हणाली.

“मी मध्ये पडलो तर दोन्हीकडून मार खाईन,” म्हणत तो कांदा चिरत राहिला.

सभेत निवृत्त धरण अभियंत्याने तिचं नाव सुचवलं, तेव्हा पुढच्या रांगेत हशा पिकला. ती म्हणाली, “हात वर नकोत. गुप्त मतदान घ्या.”

अध्यक्ष हसले. “अहो, आपण सगळी घरचीच माणसं. घरात कसल्या चिठ्ठ्या?” मग सचिवांकडे वळून, “हो ना?”

नणंद चष्मा लावून उभी राहिली. “नियम असा आहे, की दहा सभासदांनी उभं राहून मागणी केली तर गुप्त मतदान घ्यावं लागेल. ‘लागेल’ म्हटलंय साहेब, ‘घेता येईल’ नाही.”

मागणी करणारी ती तर उभीच होती. गुडघ्यांवर हात टेकत धरण अभियंता उठला. मागे एक खुर्ची करकरली, मग आणखी एक. कुणी उठलं, कुणी बुटाची नाडी बांधायला वाकलं.

“नऊ,” नणंद म्हणाली.

पुढे कुणी हलेना. अध्यक्षांनी घसा साफ केला. “तर मग, नेहमीप्रमाणे हात वर—”

“थांबा. दहा.”

“दहावा कोण?”

“मी. सचिवसुद्धा सभासदच असते.”

“तुम्ही मोजायला उभ्या आहात!”

“मोजतेय आणि मागणीही करतेय.”

सभागृहात एकच गलका झाला. आता उठायला भीती कसली? रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. नाडी बांधणारेही.

चिठ्ठ्या मोजून झाल्या तेव्हा ती भरघोस मतांनी निवडून आली होती. टाळ्या थांबेनात. धरण अभियंता तर शिट्टी वाजवून मोकळा झाला. ती व्यासपीठावर चढली आणि तिने पहिलाच ठराव मांडला: पाणी ज्याने तपासलं, त्याच्या सहीशिवाय संघटना तोंड उघडणार नाही. तो एकमताने मंजूर झाला. विहिरींबद्दलचं जुनं निवेदनही तिथल्या तिथे मागे घेतलं.

माजी अध्यक्ष खाली सभासदांत जाऊन बसले होते. जरा वेळाने त्यांनी अवघडून हात वर केला. “अध्यक्ष महोदया, एक प्रश्न विचारू का?”

“अवश्य विचारा,” ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

शेजारून नणंद पुटपुटली, “वहिनी, डोळे नंतर पुसा. अजून अर्धे विषय बाकी आहेत.”