कपाटाचे अकरा महिने

गोटीरामच्या तळमजल्यावरचा भाडेकरू अकरा महिन्यांत एकदाही पाण्यावरून भांडला नव्हता, आणि तिथेच गोटीरामला संशय आला. दिवसरात्र एसी लावून बसायचा. गणपतीत प्रसाद घेऊन गेलं तर दार उघडायचा नाही. उघडणार तरी कसा, तो होता चाकांवरचं एक काळं लोखंडी कपाट. एका इंटरनेट कंपनीने खोली भाड्याने घेऊन ते आत ठेवलं, वायरी जोडल्या, कुलूप लावलं आणि माणसं निघून गेली. आत हिरवे दिवे लुकलुकत राहिले. खिडकीच्या फटीतून गोटीरामने ते बऱ्याचदा पाहिले होते. दिव्यांनीही त्याला पाहिलं असणार, अशी त्याची खात्री होती.

कोपरखैरण्यातल्या बोनकोडे गावची गोटीरामची शेती नव्या शहराच्या पोटात गेली, राहिली ती ही इमारत. त्यात रस्त्यालगतची खोली एकच. नात भाविका दातांची डॉक्टर होऊन आली की दवाखाना तिथेच, हे ठरलेलं. तोवर खोली हातात राहायला हवी होती.

कारण इंटरनेट त्या खोलीत पूर्वीही एकदा येऊन गेलं होतं. नव्याण्णव साली सांगलीचा अरविंद आला. "शेठ, विश्वास ठेवा, महिनाभरासाठी पाहिजे," म्हणाला. चार कॉम्प्युटर, मधे प्लायवूड, बाहेर सायबर कॅफेची पाटी. तेव्हा नेट टेलिफोनच्या वायरीतून यायचं आणि येताना दारात शेपूट सापडलेल्या मांजरासारखं किंचाळायचं. पुढे नेट लोकांच्या घराघरात गेलं, गिऱ्हाईक आटलं, कॉम्प्युटर मेले. अरविंद मात्र हलेना. चार मेलेल्या पडद्यांसमोर बसून तो नऊ वर्षांचा कब्जा सांगू लागला. त्याला काढायला कोर्टात सहा वर्षं गेली.

तेव्हापासून गोटीरामच्या घरचा नियम झाला. अकरा महिने भरले की भाडेकरूने सगळं सामान ओट्यावर काढायचं, तासभर खोलीला गोटीरामचं कुलूप, मगच नवा करार.

त्या दिवशी सकाळी कंपनीची इंजिनिअर प्राची नवा करारनामा घेऊन आली. त्यात नऊ वर्षं लिहिलेली होती. गोटीरामने तो आकडा पाहिला आणि कागद पालथा ठेवला.

"पयलं सामान बाहेर काड."

"काका, सामान म्हणजे सर्व्हर आहे तो. असा बाहेर नाही काढत."

"कोपरखैरण्यात सगले काडतात. याला काय शिंगं हायेत?"

प्राचीने समजावून पाहिलं. "पूर्वी तुम्ही काही बघायला लावलं की ते थेट परदेशातून, समुद्राखालच्या केबलमधून यायचं. आता एवढे लोक झालेत की ती वाट तुंबेल. म्हणून यापुढचं नेट गल्लीगल्लीत असणार. लोक जे जास्त बघतात त्याच्या प्रती अशा कपाटात आधीच आणून ठेवायच्या. वर मावशी सिरियल बघतात ना, ती इथूनच जाते."

गोटीरामने मान हळूच वर केली. "म्हंजे सखूच्या सिरियलमदली मानसं आमच्या खोलीत राहतात."

"माणसं नाही हो, प्रती."

"किती?"

"असतील लाखभर."

"पोटभाडेकरू चालनार नाय. कलम सात."

प्राचीने जुना करार काढून पाहिला. कलम सात खरंच होतं. ती कोपऱ्यात जाऊन ऑफिसशी हलक्या आवाजात बोलली. आवाज हलका केल्याची गोटीरामने नोंद घेतली. मग तिने वायरी सोडवल्या, समोरचा गॅरेजवाला मदतीला आला आणि कपाट ओट्यावर उन्हात उभं राहिलं. जाता जाता शेजारच्या गिरजाबाईने फ्रिज केवढ्याला घेतला म्हणून विचारलं.

गोटीराम कुलूप लावून खुर्चीत बसला. आता सगळं कोपरखैरणे बोंबलत येणार. काय उत्तर द्यायचं तेही त्याने ठरवून ठेवलं. वीस मिनिटं झाली, कुत्रंसुद्धा आलं नाही.

"सखू," त्याने वर बायकोला हाक मारली, "थांबली काय गं?"

"कोन?"

"सिरियल."

"नाय. सून जिन्यावरून धपाधपा परतेय अजून."

गोटीरामचा चेहरा काळवंडला. "बंद का नाय परलं?"

"नेटची पहिल्यापासून तशीच रचना आहे, काका," प्राची जरा ऐटीत म्हणाली. "एक वाट बंद झाली की दुसरीनं जायचं. आता महापेच्या आमच्या मोठ्या सेंटरवरून येतंय."

"मंग हितं कपाट कशाला?"

प्राची ओट्यावरच्या वायरी गुंडाळू लागली.

"याच्याबिगर तुमचं चालतंय. तरी खोलीचं भारं देता, एसी लावता, वर नऊ वर्षं मागता. तुमाला खोलीच पायजेल ना?"

"इथून जरा लवकर पोचतं. सेकंदाच्या काही हजाराव्या भागानं."

"सेकंदाच्या हजाराव्या भागासाठी कोन खोली घेतं, बाय?"

प्राची पायरीवर बसली. "खरं सांगू? आमचा महापेवर भरवसा नाही."

"तिकरं कोन बसतं?"

"आमचीच माणसं. पण केबल खोदकामात तुटते, लाइट जाते. म्हणून इथे एक ठेवलं. महापेवाल्यांचा आमच्यावर नाही, म्हणून त्यांनी ऐरोलीत ठेवलंय. ऐरोलीवाल्यांनी द्रोणागिरीत."

"सगलं नेट असंच हाय?"

"सगळं. कोणाचा कोणावर भरवसा नाही, म्हणून तर टिकलंय."

अकरा महिन्यांत पहिल्यांदा गोटीरामच्या खांद्यांचा ताण उतरला. "मंग ह्ये पयल्या दिशी सांगायचं ना. मी इश्वास ठेवनाऱ्यांना घाबरतो."

तास भरल्यावर त्याने कुलूप काढलं. नऊ वर्षांवर काट मारून अकरा महिने लिहिले, बाजूला सही केली, तिला करायला लावली. कपाट आत गेलं, दिवे लागले.

"तुजा नंबर दे."

तिने दिला.

"तू उचलला नाय तर?"

तिने ऑफिसचा दिला.

"त्यांनी नाय उचलला तर?"

प्राचीने उसासा सोडून आईचा नंबर दिला. गोटीरामने तिथेच तो लावला. सीवूड्समध्ये तिच्या आईने, सुचिताबाईंनी, फोन घेतला.

"प्राची तुमचीच पोरगी ना?"

"तुम्ही कोण? हा नंबर कोणी दिला तुम्हाला? आधी तिला फोनवर द्या, आवाज ऐकू दे."

गोटीरामने फोन प्राचीच्या हातात दिला. "घर चांगलं हाय तुजं," तो म्हणाला.