दांड्यातली तार

आबाजींच्या मोटारीचा हॉर्न वाजेना, आणि उद्या सकाळी गाडी तपासणीला न्यायची होती. नापास झाली तर चिखलीचा भंगारवाला टेम्पो घेऊन येणार, हे आबाजींच्या मुलानं परस्पर ठरवून टाकलं होतं. बासष्ट साली चिंचवडचं शेत कारखान्याला गेलं, त्या पैशांतून आबाजींनी ही छत्तीस सालची विलायती गाडी घेतली. आता अठ्ठ्याहत्तर उजाडलं होतं. शेत गेलं ते गेलं, गाडी तरी जाऊ नये, एवढंच म्हाताऱ्याचं म्हणणं.

त्यांनी संत तुकाराम नगरातून भीमराजला बोलावलं. भीमराज त्याच शेतावरच्या कारखान्यात हॉर्नच्या तारा जोडायचा. शिफ्टला तीनशे गाड्या. अकरा वर्षांत त्यातला एकही हॉर्न त्यानं ऐकला नव्हता. वाजवून बघणारं खातं वेगळं होतं.

"तार सडली असणार," त्यानं बॉनेट उघडायच्या आधीच निदान केलं. "चाळीस वर्षांची आहे, आबा. आत राखच उरली असेल."

"मग काढ की भाईर."

स्टिअरिंगच्या मधोमध बसवलेलं हॉर्नचं बटण त्यानं उचकटलं. बटणाच्या पोटाला लालपिवळा गंज धरला होता. ते त्यानं जवळच्या बशीत टाकलं. मग तारेच्या वरच्या टोकाला सुतळी बांधली आणि स्टिअरिंगच्या पोकळ दांड्यातून तार खालून हळूहळू ओढून घेतली. सुतळी आत राहिली, म्हणजे नवी तार त्याच वाटेनं वर नेता येणार होती.

तार आली ती सुती वेष्टणासकट, धडधाकट. मध्ये एके ठिकाणी जोड होता. बोटाला लागलाही नाही, डोळ्यांना दिसला. कुणीतरी तो कथलाचा डाग देऊन पक्का केला होता, वर रेशमी दोरा गुंडाळला होता, वेढ्याला वेढा चिकटून, आणि शेवटची गाठ आत लपवली होती. हे काम दांड्याच्या आत जाणार, पुन्हा कुणाच्या नजरेला पडणार नाही, हे करणाऱ्याला ठाऊक असणारच. तरीही केलं होतं.

भीमराज तार घेऊन तिथंच खाली बसला.

"काय झालं रं? सडली?"

"नाही, आबा." त्यानं तार दोन्ही तळहातांवर धरली. "असा जोड आमच्या लाईनवर कुणी केला ना, तर शिफ्टला चारच गाड्या सुटतील."

तारेला टेस्ट लॅम्प लावला. लख्ख पेटला. तारेत काहीच दोष नव्हता.

"मग दुखणं हाय तरी कुठं?"

इतक्यात आबाजींच्या पत्नी कौशल्याबाई चहा घेऊन आल्या आणि बशीतलं बटण बघून भडकल्या. "माझ्या बशीत हे कशापायी?" त्यांनी ते उचललं, नखानं खरवडलं, वास घेतला. "गंज कसला मेला! ही माझी हळद हाय!"

दर खंडेनवमीला त्या बटणावर हळदीकुंकू वाहून वर नारळाचं पाणी शिंपडत. "गाडीचं कपाळ त्येच की," त्या म्हणाल्या. सोळा वर्षांची भक्ती फटीतून आत झिरपून तिचं टणक कवच झालं होतं. वीज त्याला ओलांडत नव्हती.

"सोळा वर्सं आपल्याच हातानं गळा दाबला व्हय गाडीचा," आबाजी म्हणाले.

भीमराजनं बटण पॉलिश पेपरनं घासलं. सुतळीला जुनीच तार बांधून वर ओढली.

"नवी न्हाई घातलीस?"

"हिच्यापुढं कुठली नवी, आबा?"

त्यानं बटण दाबलं. चिंचवडच्या त्या अख्ख्या आळीत जाड, घोगरा, भारदस्त आवाज घुमला. कोंबड्या पळाल्या. भीमराजचा अंगठा काही उठेना.

"आरं सोड, बॅटरी उतरंल!"

"अजून एकदा, आबा."

दुसऱ्यांदा वाजवून त्याचं मन भरल्यावर कौशल्याबाई करंडा घेऊन पुढं आल्या. "आता मी कुंकू लावू कुठं?"

भीमराजनं दांड्यावर वीतभर मोजलं, मग आणखी चार बोटं.

"इथं लावा, काकू," तो म्हणाला. "जोड इथं येतो."